सोळा मतं आणि एक अंगठा

१ जुलै

अंकिता मॅडम म्हणाल्या, "काका, संशोधन करणाऱ्यानं रोजची नोंद ठेवावी. काय वाचलं, काय वाटलं, सगळं खरं खरं." म्हणून ही वही. तेहतीस वर्षं ग्रामसेवक होतो, इतिवृत्तं ढिगानं लिहिली. पण 'काय वाटलं' हा रकाना सरकारनं कधी दिला नव्हता.

एम. ए. राज्यशास्त्र, वर्ष दुसरं, वय त्रेसष्ट. मी वर्गात शिरलो की पोरं उठून उभी राहतात, त्यांना वाटतं तपासणीला कोणी साहेब आला. मॅडम स्वतः छत्तीसच्या आहेत, पण नजर अशी की माझ्यासारख्या पेन्शनरनं नखं लपवावीत.

प्रकल्पाच्या विषयांची यादी फिरवली तेव्हा बाकीच्यांनी महापालिका, साखर कारखाने, पाणीवाटप असले विषय उचलले. मी टोकेलाऊ घेतलं. पॅसिफिक महासागरातली तीन बेटं, न्यूझीलंडच्या ताब्यात. विमानतळ नाही, बंदर नाही, सामोआहून बोटीनं एक दिवसाच्या वर लागतो. लोकसंख्या सुमारे दीड हजार. अहो, दीड हजार म्हणजे आपल्याकडं सात सदस्यांची ग्रामपंचायत! इतकं तर मी डोळे झाकून चालवलंय.

घरी बायकोला, सारजाला नकाशात दाखवलं. चष्मा लावून तिनं बघितलं आणि म्हणाली, "हितं तर निस्तं पानीच हाय."

प्रकल्प द्यायची तारीख ३० ऑगस्ट. देणार म्हणजे देणार.

५ जुलै

चार दिवस नुसतं वाचन. पोरीनं मागच्या दिवाळीला दिलेला टॅब आज कामाला आला.

प्रत्येक बेटावर वडीलधाऱ्यांची पंचायत, तिला ते ताउपुलेगा म्हणतात. तिन्ही बेटांची मिळून एक मोठी सभा. आणि प्रमुख? तो दरवर्षी बदलतो, आळीपाळीनं एकेका बेटाचा. राजधानीच नाही. प्रमुख ज्या बेटाचा, तिथं त्या वर्षी कारभार. आपल्याकडं सरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं ठरतं आणि पहिला अडीच वर्षांनी राजीनामा द्यायला विसरतो. तिथं म्हणे कोणी विसरत नाही.

आणखी एक. मासे धरून आले की किनाऱ्यावर वाटे घालतात, घरटी सारखे. ज्याच्या घरात धरायला जाणारा माणूस नाही, त्यालाही वाटा. ह्याला इनाती म्हणतात. मी वहीत खूण केली: चांगली योजना, पण लाभार्थी यादी कोण करतं?

९ जुलै

आज दारात केराबाई. मी ओळखलंच नाही आधी. उजनीच्या पाण्याकडंची, शेलटेक गावाच्या माळवस्तीवरची. धरण झालं तेव्हा सगळा परिसर बुडाला, हा माळ तेवढा वर राहिला. पाणी भरलं की चारी बाजूंनी वेढतं आणि वस्तीचं बेट होतं, नावेशिवाय येणं-जाणं नाही. मी शेलटेकला दोनदा होतो. एकदा ऐन उमेदीत, तेव्हा वस्तीवर साक्षरतेचा वर्ग चालवायचो, आणि दुसऱ्यांदा २०१० ते १४.

पिशवीत साफ केलेली चिलापी मासळी घेऊन आली होती. एसटीनं सोलापूर, तिथून विचारत विचारत जुळे सोलापूर. वय सत्तरच्या पुढं, गुडघे गेलेले, आणि आमचं घर दुसऱ्या मजल्यावर.

"भाऊसायेब, वस्तीची शाळा बंद हुतीया," ती म्हणाली. "पुडल्या जूनपासनं. नावंचा धक्का मागितला तर त्योबी न्हाय म्हनत्यात. का, तर आमी तितं ऱ्हातच न्हाय. कागदावर आमी कवाच सडकंकडंला हाललोय."

"कुठल्या कागदावर?"

"तुमच्या."

२६ जानेवारी २०११ ची ग्रामसभा. ठराव: माळवस्ती सडकेजवळ नव्या जागेत हलवण्यास सर्व ग्रामस्थ सर्वानुमते संमती देत आहेत. वस्ती प्रत्यक्षात कधी हललीच नाही, नवी जागा कोर्टात अडकली. ठराव मात्र जिवंत आहे.

"खाली पैला अंगठा माजा हाय म्हनं," केराबाई म्हणाली. "सगळी वस्ती मला बोलतीया. केरानं अंगठा दिला म्हनून शाळा गेली. सुना तोंडावर बोलत न्हायत, पर चुलीम्होरं बोलत्यात. भाऊसायेब, मी कशाला अंगठा दीन? मला सही येती की. तुमीच शिकवली."

मी म्हणालो, बघतो. सरकारी नोकरीत सगळ्यात जास्त वापरलेला शब्द.

सारजानं तिला जेवू घातलं. जाताना केराबाईनं माझा डावा हात हातात घेतला. "कोयता लागला हुता न्हवं ह्या अंगठ्याला? वर्गाचं छप्पर शाकारताना? मीच हळद बांधली हुती. वन गेला का ऱ्हायला?" राहिलाय म्हटलं, आडवा. तिनं निरखून बघितला आणि जिना उतरली. म्हातारी माणसं कशाचं काय लक्षात ठेवतील नेम नाही!

आज वाचन झालं नाही.

१४ जुलै

संताप, संताप. २००६ मध्ये टोकेलाऊत मतदान झालं: न्यूझीलंडच्या हाताखाली राहायचं की आपला कारभार आपण बघायचा. आपल्या कारभाराच्या बाजूनं दोन तृतीयांश मतं हवी होती, साठ टक्के पडली. २००७ मध्ये पुन्हा मतदान. पेटी बोटीत घालून तिन्ही बेटांवर फिरवली, संयुक्त राष्ट्रांची माणसं पाहायला हजर. बाजूनं ४४६, विरोधात २४६. कमी किती पडली? सोळा!

सोळा मतं! एका वरातीत एवढी माणसं नुसती बँडच्या मागं असतात. मी तिथं ग्रामसेवक असतो तर सोळा मतं चहा थंड व्हायच्या आत उभी केली असती. आणि हे लोक काय करतात? "बरं, नाही तर नाही" म्हणून मासे धरायला जातात. न्यूझीलंडवालेही गप्प. एवढी जय्यत तयारी करून सोळा मतांनी तोंडघशी पडायचं म्हणजे कारभाऱ्यांना कारभार कळत नाही, दुसरं काय?

१६ जुलै

मॅडमना निष्कर्षाचं प्रकरण दाखवलं. 'मतदारांमधील जागृतीचा अभाव व प्रशासकीय नियोजनातील त्रुटी यांमुळे सार्वमत अयशस्वी झाले.' झोकदार वाक्य.

मॅडम म्हणाल्या, "काका, दुसरं प्रकरण अजून लिहिलं नाही तुम्ही. निष्कर्ष आधीच?"

"आमच्यात तसंच असतं मॅडम. सभा उद्याची, इतिवृत्त आजचं. आदल्या दिवशी सगळे ठराव लिहून तयार. सभेत नुसत्या सह्या. वेळ वाचतो."

त्या हसल्या नाहीत. "आणि एखादा नाही म्हणाला तर?"

मला आठवेना. तेहतीस वर्षांत कोणी नाही म्हणालं होतं का? म्हणाले असतील की, बोंब तर रोजच मारायचे. पण लिहिलेलं आठवेना.

१९ जुलै

शेलटेकला जाऊन आलो. आता तिथं सोनाली नावाची मुलगी आहे, अठ्ठावीसची. ग्रामसेवक म्हणायचं नाही, ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. नाव वाढलं, खुर्ची तीच, एक हात मोडलेली. तिनं कपाटातून २०११ चं प्रोसिडिंग बुक काढलं. माझं अक्षर. काय सुंदर लिहायचो! ठराव क्रमांक सात, खाली बावन्न सह्या-अंगठे. पहिलाच निळा अंगठा, पुढं माझ्याच अक्षरात 'केराबाई'.

सोनाली मोबाईलनं फोटो काढत म्हणाली, "काका, हा अंगठा जरा वेगळा वाटतो ना? मधी रेघ आहे."

मी म्हणालो, कागदाची घडी असेल. जुना कागद आहे.

२० जुलै

शिपायानं घेतला असेल. तेव्हाचा शिपाई चन्नप्पा, आता वारला. शेवटी शेवटी तो काय करायचा त्याचं त्याला कळत नव्हतं. सरकारी कामात असं होतं. बावन्नात एखादा इकडचा तिकडं.

टोकेलाऊचं प्रकरण दुसरं सुरू केलं. १८६३ मध्ये पेरू देशाची गुलामांची जहाजं आली आणि बेटांवरची धडधाकट माणसं पळवून नेली. पुढं इंग्रज आले, मग १९२६ पासून न्यूझीलंड. विसाव्या शतकात साठच्या दशकात न्यूझीलंडनं योजना काढली: बेटावर गर्दी झालीय, चला आमच्याकडं राहायला. बरेच गेले. पुढं दहाएक वर्षांत ती योजना बंद पडली.

म्हणजे वस्ती हलवायची योजना तिथंही होती. मी पुस्तक मिटलं आणि दूध आणायला गेलो.

२३ जुलै

चन्नप्पाबद्दल जे लिहिलं ते खोडतो. तो भला माणूस होता. मेलेल्या माणसावर ढकललं. मॅडम खरं खरं लिहा म्हणाल्या होत्या, तर लिहितो.

२५ जानेवारी २०११, संध्याकाळ. घरी बसून ठराव लिहिला. वस्ती हलली की तालुक्यात पहिलं काम होणार होतं, वरून फोन आला होता. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. नावेतून मोठी पोरं पलीकडं गावच्या शाळेत येणं धोक्याचंच. मी कोणाचं वाईट केलं नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण २६ ला वारा सुटला, नाव आलीच नाही. वस्तीवरचं एक माणूस सभेला नव्हतं. ठरावाखाली वस्तीचं निदान एक नाव पाहिजे होतं. शाईचं पॅड पुढ्यात होतं.

तो अंगठा माझा आहे.

वर्षभरात आदर्श ग्रामसेवक पुरस्कार मिळाला. हॉलमध्ये टांगलाय, काच पुसलेली असते.

२८ जुलै

जेवण जात नाही. सारजाला सगळं सांगितलं, वाटलं भडकेल. ती शेंगा निवडत होती, हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," म्हणाली.

"कसं?"

"त्या सांजंला तुमी दारात हुबं ऱ्हाऊन ठराव वाचून दावला. आपल्यालाच ऐकत हुता. मी म्हनलं, उद्या कुनी न्हाय म्हनलं तर? तुमी म्हनलात, न्हाय म्हननाऱ्यासाटी कागदात जागाच न्हाय. दुसऱ्या दिशी घरी आलात तर अंगठा निळा. साबणानं जाईना. सही करनाऱ्या मानसाचा अंगठा निळा कशाला हुईल?"

"मग चौदा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं हुतं व्हय मला?"

ह्या बाईसमोर मी कोण राज्यशास्त्र शिकणारा!

२ ऑगस्ट

भीती कशाची आहे ते नीट लिहून काढतो. पेन्शनला धक्का लागेल असं वाटत नाही, इतक्या जुन्या गोष्टीची चौकशी फार तर कागदावर होईल. भीती तोंडाची आहे. नाकाची आहे. शेलटेकच्या रस्त्यानं गेलो तर अजून माणसं 'भाऊसाहेब, चहा' म्हणून हाक मारतात. उद्या मारणार नाहीत. पोरीच्या लग्नपत्रिकेत हा पुरस्कार छापला होता, तिच्या सासरीही कळेल.

आणि दुसरीकडं एका म्हातारीला तिच्या चुलीपुढं बोलणी खावी लागतात, माझ्या अंगठ्यापायी. मी वर्गात शिकवलेली तिची सही माझ्याच हातानं पुसली.

हे आता निस्तरलंच पाहिजे. चेंडू मीच टाकला, झेलायचाही मीच.

४ ऑगस्ट

सोनालीला जबाब लिहून दिला, दोन पानं, सहीनिशी. एक शब्द कमी-जास्त नाही. वाचून पोरगी घाबरली. "काका, हे देऊ नका. चौकशी लागंल. आपण असं करू, नवा ठराव घेऊ, जुना रद्द. मी लिहून ठेवते, तुम्ही नुसतं..."

"लिहून ठेवू नकोस!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की बाहेर बसलेले दोघं आत डोकावले.

मग शांतपणे सांगितलं. विशेष ग्रामसभा घे, माळवस्तीवरच घे, पाण्याच्या पलीकडं. मत वस्तीवाल्यांनी द्यायचं. आणि पान कोरं ठेव.

"कोरं?"

"कोरं. तुला जमेल. मला तेहतीस वर्षांत जमलं नाही."

जबाबाची एक प्रत वरच्या कार्यालयात पोस्टानं पाठवली, पोचपावतीसह. आता मागं फिरायला जागा नाही, हे बरं झालं.

११ ऑगस्ट

मॅडमना टोकेलाऊचं पहिलं निष्कर्षाचं प्रकरण परत मागितलं आणि त्यांच्यासमोर फाडलं. त्यांना वाटलं मी प्रकल्प सोडतोय. म्हणाल्या, "काका, इतक्यात हार मानू नका." म्हटलं, हार कसली, आत्ताशी सुरुवात आहे. दोन प्रकरणं तयार आहेत, तिसरं वस्तीवरून आल्यावर.

सोळा मतांचा विचार डोक्यातून जात नाही. तिथं पेटीजवळ एक तरी माझ्यासारखा हुशार माणूस असेलच ना? त्याच्या पुढ्यातही शाईचं पॅड असेल. तो गप्प बसला, हे काही कमी काम नाही.

२० ऑगस्ट

सगळं लिहितो, कितीही पानं जाऊ देत.

नावेतून पलीकडं गेलो. सारजा सोबत. म्हणाली, "तुमी बुडालात तर मी बघाय नको?" वस्तीच्या शाळेपुढं सतरंजी. वेळ अकराची. मोजले तर एकाहत्तर. कोरमला शहाण्णव पाहिजेत. बाकीची माणसं पलीकडच्या काठाला केळीच्या बागांत कामाला गेलेली.

सोनालीनं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडं. मला कळलं. सभा तहकूब करायची, अर्ध्या तासानं तीच सभा घ्यायची, तहकूब सभेला कोरम लागत नाही. कायदेशीर वाट आहे. मी स्वतः शंभर वेळा त्या वाटेनं गेलोय.

"नाव पाठवा," मी म्हणालो.

"काका, दोन खेपा होतील. पाऊण तास जाईल."

"जाऊ दे."

पहिल्या खेपेला मी स्वतः गेलो. केळीच्या बागेत चिखलात शिरून हाका मारल्या. दोन खेपांत चौतीस माणसं आली, हाताला केळीचा चीक तसाच. एकशे पाच झाले.

मग उभा राहिलो. लिहून नेलं नव्हतं, पहिल्यांदाच. म्हणालो, "२०११ च्या ठरावाखाली केराबाईचा म्हणून जो अंगठा आहे, तो तिचा नाही. ती त्या दिवशी सभेत नव्हती. तुम्ही कोणीच नव्हता. तो अंगठा माझा आहे. तुमच्या शाळेवर जे आलंय ते माझ्यामुळं आलंय, हिच्यामुळं नाही."

मागून एकानं शिवी दिली, ती बरोबरच होती. मग पुढच्या रांगेतून केराबाई म्हणाली, "मला ठावं हाय की."

"ठाऊक होतं?"

"सोनालीबाईनं मोबाईलात फोटू दावला हुता. वन वळखला मी. हळद बांधली हुती म्या."

"फोटो मी एकोणीस जुलैला काढलाय, म्हणजे त्यानंतर कळलं तुम्हाला," सोनाली पुटपुटली.

"त्येच्या आदी म्हयनाभर माज्या नातवानं ठरावाची नक्कल काढून आनली हुती. सोलापूरला उगं आले हुते व्हय? अंगठा बगाय आले हुते."

माझ्या घरात बसून माझाच हात हातात घेऊन ह्या बाईनं तपासणी केली होती, आणि मी वहीत लिहिलं होतं, म्हातारी माणसं!

"मग तिथंच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मी बोलून काय उपेग? तुमी बोलाय पायजे हुतं. वस्तीनं तुमच्या तोंडून ऐकाय पायजे हुतं."

तिच्या दोन्ही सुना खाली मान घालून बसल्या होत्या. धाकटीनं सासूच्या पायावरचं लुगडं नीट केलं. तेवढंच.

मग मत. जुना ठराव रद्द करून वस्ती आहे तिथंच ठेवायची, शाळा आणि धक्का मागायचा. बाजूनं हात वर करा. सोनालीनं मोजले, मी मोजले, पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तर. शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना गप्प बसवलं.

"विरोधात?"

सभेत हे कोणी मोठ्यानं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. हात वर आले. बहुतेक तरुण बायका, काही आजारी माणसं. आणि सगळ्यात पुढं, कोपरापासून सरळ, केराबाईचा हात.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "केराबाई, हे विरोधात आहे. वस्ती हलवायच्या बाजूचं."

"व्हय. मला हलायचंच हाय. गुडघं गेलं, नावंत चडाय-उतराय हुईना. मला सडकंकडंला ऱ्हायचंय. तवाबी ऱ्हायचं हुतं."

"तेव्हाही? अगं, मग मी लिहिलं ते तुझ्या मनासारखंच होतं की."

"व्हतं," ती म्हणाली. "पर ते तुमी लिवलं हुतं."

हात खाली केला नाही. मी मोजेपर्यंत वरच ठेवला.

एकतीस.

सोनालीनं कोऱ्या पानावर लिहिलं: बाजूने चौऱ्याहत्तर, विरोधात एकतीस. मग सह्या. सवयीनं तिनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. केराबाईनं ते बाजूला केलं आणि पेन मागितलं. के ला वेळ लागला, रा नीट आला, बा ची रेघ वर गेली, ई जरा मोठी. मागं रांग ताटकळली होती. कोणीतरी म्हणालं, आजी, आटपा की. मी म्हणालो, थांबा.

परत येताना नावेत सारजा म्हणाली, "तुमाला शिवी दिली त्यानंच नावंत चडताना हात दिला बगितलं का?" मी बघितलं नव्हतं.

२९ ऑगस्ट

वरून पत्र आलंय. माझा खुलासा मागवलाय. देईन, जे सांगितलं तेच. पुरस्कार खाली काढला. भिंतीवर चौकोनी पांढरी जागा राहिलीय, सारजा म्हणते तिथं कॅलेंडर लावू.

निष्कर्ष आज लिहिला, सगळ्यात शेवटी. दुपारी मॅडमना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

"काका, सोळा मतं का कमी पडली, हे ह्यात कुठंच नाही."

"नाही."

"तोच तर मुख्य प्रश्न होता तुमचा."

"विरोधातल्या दोनशे शेहेचाळीस जणांची कारणं त्यांची त्यांना ठाऊक, मॅडम. मी त्यातल्या एकालाही विचारलेलं नाही. त्यांच्या वतीनं मी कसं लिहू?"

मॅडमनी सही केली. उद्या जमा करतोय.